उपपदे (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजी भाषेत नामापूर्वी येऊन, त्या नामाने दाखवलेली वस्तू वा व्यक्ती ऐकणाऱ्याला ओळखता येण्याजोगी आहे किंवा नाही हे सुचवणाऱ्या 'द', 'अ' आणि 'ॲन' या शब्दांना उपपदे असे म्हणतात. 'द' हे निश्चित उपपद होय. 'अ' आणि 'ॲन' ही एकाच अनिश्चित उपपदाची दोन रूपे आहेत. जेथे नामापूर्वी कोणतेच उपपद नसते आणि ते नसण्यालाच विशिष्ट अर्थ असतो, त्या स्थितीला आधुनिक व्याकरणकार शून्य उपपद म्हणतात. इंग्रजी लेखनाच्या मोठ्या संग्रहांत शब्दांची मोजदाद केली असता 'द' हा सर्वाधिक वेळा येणारा शब्द ठरतो.

मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी भाषकाला काळ, प्रयोग आणि शब्दसंग्रह यांवर प्रभुत्व मिळवल्यानंतरही उपपदे दीर्घकाळ अडखळायला लावतात. शालेय पुस्तकांत त्यांचे नियम पाठ करण्याच्या यादीच्या रूपाने येतात. परंतु यातील बहुतेक नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे आणि ते समजल्यास यादी बरीच लहान होते.

संज्ञा

इंग्रजीतील 'आर्टिकल' हा शब्द 'लहान सांधा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून तो लॅटिन शब्द ग्रीक व्याकरणकारांच्या 'आर्थ्रॉन' (सांधा) या संज्ञेचे भाषांतर आहे. प्राचीन ग्रीक भाषेत निश्चित उपपद होते, लॅटिनमध्ये मात्र नव्हते. आपल्या भाषेला उपपदांची गरज भासत नाही, असे रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने नमूद केले आहे. संस्कृत, मराठी, हिंदी, रशियन, चिनी आणि जपानी या भाषांविषयीही तेच म्हणता येईल.

मराठीत रूढ असलेली 'उपपद' ही संज्ञा संस्कृत व्याकरणातील उपपदाहून वेगळी आहे. 'ग्रंथकार', 'कुंभकार' यांसारख्या उपपद तत्पुरुष समासांत पहिल्या पदाला उपपद म्हणतात. नावापुढे लावल्या जाणाऱ्या पदवीलाही मराठीत उपपद म्हटले जाते. इंग्रजी व्याकरणातील उपपदाचा या दोहोंशी संबंध नाही.

जुन्या इंग्रजी व्याकरणांत उपपदांची गणना विशेषणांत केली जाई. आधुनिक व्याकरणात त्यांना 'धिस', 'माय', 'सम', 'एव्हरी' यांच्यासह निर्धारक या वर्गात ठेवतात. याचा व्यावहारिक परिणाम असा की, एका नामाला सामान्यतः एकच मुख्य निर्धारक लागतो. म्हणून 'माय हाउस' किंवा 'द हाउस' म्हणता येते, 'द माय हाउस' म्हणता येत नाही. 'ऑल', 'हाफ', 'सच' आणि 'व्हॉट' हे शब्द मात्र उपपदाच्याही आधी बसतात, जसे 'ऑल द चिल्ड्रन', 'सच अ नाइस डे'.

उगम आणि इतिहास

प्राचीन इंग्रजीत आजच्या अर्थाने उपपदे नव्हती. 'तो, ती, ते' या अर्थाचे एक दर्शक सर्वनाम होते आणि लिंग, वचन व विभक्ती यांनुसार त्याची अनेक रूपे होत. ही रूपे झिजत गेली आणि मध्य इंग्रजीच्या काळात त्या सर्वांच्या जागी 'द' हे एकच अविकारी रूप उरले. 'दॅट' हा शब्द त्याच सर्वनामाच्या नपुंसकलिंगी रूपातून आला आहे, म्हणजे 'द' आणि 'दॅट' हे एकाच कुळातील आहेत. प्राचीन इंग्रजीत हा ध्वनी 'थॉर्न' नावाच्या स्वतंत्र अक्षराने लिहीत. पुढे ते अक्षर 'वाय'सारखे दिसू लागले. जुनेपणाचा आव आणणाऱ्या इंग्रजी पाट्यांवर 'यी ओल्ड' असे जे वाचले जाते, त्यातील 'यी' हा मुळात 'द'च आहे. त्याचा उच्चार 'यी' असा कधीच नव्हता.

अनिश्चित उपपदाचा उगम 'एक' या संख्यावाचकात आहे. प्राचीन इंग्रजीतील 'आन' (एक) या शब्दाचे आघातयुक्त रूप आजचे 'वन' झाले आणि आघातहीन रूप 'ॲन' झाले. पुढे व्यंजनापूर्वी त्यातील 'न' लोपला व 'अ' उरला. त्यामुळे 'अ'ला 'न' जोडला की 'ॲन' होतो, हा शालेय समज इतिहासाच्या उलट आहे. 'ॲन' हे जुने रूप असून 'अ' हे त्याचे झिजलेले रूप आहे.

हा 'न' उपपदाचा की नामाचा, याविषयी बोलणाऱ्यांचा अनेकदा गोंधळ झाला आणि त्यातून काही शब्दांची रूपेच बदलली. सापाच्या एका जातीचे नाव 'नॅडर' होते; 'अ नॅडर'चे 'ॲन ॲडर' झाले. फ्रेंचमधून आलेल्या 'नेप्रन'चे 'एप्रन' झाले. क्रिकेटमुळे मराठी घराघरांत पोहोचलेला 'अंपायर' हा शब्द मुळात 'नंपायर'सारखा होता आणि त्याचा अर्थ 'जोडीबाहेरचा', म्हणजे दोघांपैकी कोणाचाही नसलेला तिसरा माणूस, असा होता. उलट दिशेनेही हे घडले. 'एकनेम' म्हणजे अधिकचे नाव. 'ॲन एकनेम'चा 'न' नामाला चिकटून 'निकनेम' तयार झाले. 'ऑरेंज' या शब्दाचे उदाहरणही याच यादीत पुष्कळदा दिले जाते, पण ते तितकेसे बरोबर नाही. संस्कृत 'नारङ्ग' व मराठी 'नारिंग' यांतील आरंभीचा 'न' हा शब्द इंग्रजीत पोहोचण्यापूर्वीच, रोमान्स भाषांमध्ये लोपला होता.

निश्चित उपपद : ओळखता येण्याचे तत्त्व

'द' वापरणारा वक्ता ऐकणाऱ्याला असे सुचवतो की, मी कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहे हे तुला ठरवता येईल आणि या संदर्भात तशी वस्तू एकच आहे. डॅनिश भाषाभ्यासक पॉल क्रिस्टोफर्सन यांनी १९३९ साली उपपदांवर लिहिलेल्या ग्रंथात ओळखीच्या कल्पनेवर भर दिला. जॉन हॉकिन्स यांनी १९७८ मध्ये, ऐकणाऱ्याशी सामायिक असलेल्या संदर्भात त्या वर्णनाला लागू पडणाऱ्या सर्व वस्तूंचा समावेश होणे, या अंगाने त्याची मांडणी केली. दोन्ही मांडण्यांत महत्त्व आहे ते ऐकणाऱ्याला. वक्त्याला वस्तू ठाऊक असणे पुरेसे नाही. 'काल मी एक पुस्तक घेतले' असे सांगताना कोणते पुस्तक घेतले हे वक्त्याला नक्की माहीत असते, तरीही इंग्रजीत तेथे 'अ बुक' असेच येते, कारण ऐकणाऱ्याला ते माहीत नाही.

ही ओळख अनेक मार्गांनी होते. सर्वांत परिचित मार्ग पूर्वोल्लेखाचा: 'आय बॉट अ बुक. द बुक इज ऑन द टेबल.' मात्र वस्तूचा आधी उल्लेख झालेलाच असावा लागतो असे नाही. लग्नाविषयी बोलणे सुरू झाले की वधू आणि वर यांचा उल्लेख पहिल्यांदाच होत असला तरी 'द ब्राइड' व 'द ग्रूम' असाच होतो, कारण लग्न म्हटले की ती दोघे आलीच. बसचा विषय निघाला की 'द ड्रायव्हर' आणि 'द कंडक्टर' सहज येतात. 'द पॅसेंजर' मात्र येत नाही, कारण प्रवासी अनेक असतात व त्यांपैकी कोणता हे ठरत नाही. 'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' हा शाळेत शिकवला जाणारा नियम येथे कोलमडतो. तो नियम चुकीचा नाही, पण तत्त्वाचा केवळ एक प्रकार आहे.

प्रत्यक्ष परिस्थितीही पुरेशी असते. एका दाराच्या खोलीत 'शट द डोअर' म्हटले की संदिग्धता राहत नाही. 'द सन', 'द मून', 'द स्काय' यांना 'द' लागतो, कारण आपल्या व्यवहारात त्या वस्तू एकेकच आहेत. परंतु खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्या ग्रहाविषयी 'अ मून' असे सहज म्हणतो. 'बेस्ट', 'टॉलेस्ट' यांसारखी श्रेष्ठतादर्शक विशेषणे, 'फर्स्ट', 'लास्ट' हे क्रमदर्शक शब्द आणि 'ओन्ली', 'सेम' हे शब्द स्वतःच एकमेवत्व दाखवतात, म्हणून त्यांच्यापूर्वी बहुधा 'द' येतो. तथापि 'अ सेकंड चान्स' म्हणजे 'आणखी एक संधी'. तेथे क्रम अभिप्रेत नसून भर अभिप्रेत आहे.

'द मोर, द मेरिअर' यासारख्या रचनांतील 'द' मात्र उपपद नव्हे. तो जुन्या दर्शक सर्वनामाच्या करणविभक्तीच्या रूपातून आलेला क्रियाविशेषणात्मक शब्द आहे. मराठीतील 'जितके… तितके' ही रचना त्याचे काम करते.

'द'चा उच्चार व्यंजनध्वनीपूर्वी 'द' आणि स्वरध्वनीपूर्वी 'दि' असा होतो. जोर देताना तो 'दी' होतो. महाराष्ट्रातील अनेक सहकारी बँका व संस्था यांच्या नोंदणीकृत नावांच्या आरंभी मराठी फलकावरही 'दि' लिहिलेला दिसतो. तेथे पुढचा ध्वनी स्वर आहे की व्यंजन, याचा विचार सहसा केलेला नसतो.

'अ' आणि 'ॲन' यांतील निवड

निवड पुढच्या अक्षरावरून नव्हे, तर पुढच्या ध्वनीवरून होते. इंग्रजी वर्णमालेतील पाच स्वराक्षरे पाठ करून लावलेला नियम 'अवर', 'ऑनेस्ट', 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन' या शब्दांपाशी फसतो. मराठी भाषकाला येथे देवनागरीची चांगली मदत होते. शब्द देवनागरीत लिहावा आणि पहिले अक्षर पाहावे. 'अवर' (तास), 'ऑनेस्ट', 'एअर' (वारस) हे शब्द स्वराने सुरू होतात, म्हणून 'ॲन'. 'युनिट', 'युरोपियन', 'वन-वे' हे 'य' किंवा 'व'ने सुरू होतात, म्हणून 'अ'. आद्याक्षरांच्या संक्षेपांनाही हीच कसोटी लागू पडते: 'ॲन एफआयआर', 'ॲन एमएलए', 'ॲन एनजीओ', परंतु 'अ यूपीआय पेमेंट'.

ही कसोटी दोन ठिकाणी जपून वापरावी लागते. वर्ष या अर्थाचा शब्द मराठीत 'इयर' असा लिहितात, पण इंग्रजीत त्याच्या आरंभी 'य'चा ध्वनी आहे, म्हणून 'अ इयर'. कान या अर्थाच्या शब्दाला मात्र 'ॲन'. दुसरी अडचण मराठी उच्चाराची आहे. ग्रामीण भागात 'एसटी'ची 'यष्टी' होते आणि 'एम'चा 'यम'. इंग्रजी वाक्यात तिथे 'ॲन'च हवे. आरंभीचा 'ह' उच्चारला जातो त्या शब्दांना 'अ' लागतो. 'हिस्टॉरिक' व 'हॉटेल' या शब्दांपूर्वी काही लेखक जुन्या वळणाने अजूनही 'ॲन' लिहितात.

दर सांगतानाही 'अ' येतो: 'सिक्स्टी रुपीज अ किलो', 'ट्वाइस अ डे'. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय करतो (किलोला साठ रुपये, दिवसातून दोनदा). अशा काही रचनांतील 'अ' मुळात शब्दयोगी अव्ययाचे झिजलेले रूप होते. पुढे ते उपपदात मिसळून गेले.

'फ्यू' व 'लिटल' यांच्यापूर्वी 'अ' असणे किंवा नसणे यामुळे वाक्याचा कल बदलतो. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे थोडेफार मित्र आहेत. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मित्र जवळजवळ नाहीतच.

शून्य उपपद

अनेकवचनी नाम किंवा अगणनीय नाम ओळखीचे नसेल अथवा सर्वसाधारण अर्थाने वापरले असेल, तर त्यापूर्वी उपपद येत नाही: 'डॉग्ज बार्क', 'वॉटर बॉइल्स'. एकवचनी गणनीय नाम मात्र इंग्रजीत सहसा उघडे राहू शकत नाही. त्याला काही ना काही निर्धारक लागतोच. म्हणून उपपदाचा निर्णय घेण्याआधी नाम गणनीय आहे की नाही, हे ठरवावे लागते आणि येथेच मराठी व इंग्रजी यांची वाट वेगळी होते. मराठीत 'दोन सल्ले', 'तीन बातम्या' म्हणता येते. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट' आणि 'होमवर्क' ही अगणनीय नामे आहेत. 'ॲन ॲडव्हाइस' किंवा 'फर्निचर्स' ही रूपे भारतीय कार्यालयीन इंग्रजीत वारंवार आढळतात. प्रमाण इंग्रजीत ती अशुद्ध मानली जातात. दुसरीकडे 'अ कॉफी' म्हणजे एक कप कॉफी. मराठी माणूस टपरीवर 'दोन चहा' मागतो तेव्हा तोही अगणनीय नामाला असेच गणनीय करीत असतो.

एकाच नामाच्या या दोन वापरांमुळे अर्थात मोठा फरक पडू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथाच्या शीर्षकात एकही उपपद नाही. 'अ कास्ट' म्हणजे एखादी जात आणि 'द कास्ट' म्हणजे आधी सांगितलेली विशिष्ट जात. उपपदाविना 'कास्ट' म्हणजे जात ही संस्था, जातिव्यवस्था. त्यांच्याच १९२३ मधील 'द प्रॉब्लम ऑफ द रुपी' या ग्रंथात 'रुपी'पूर्वी 'द' आहे, कारण तेथे खिशातील एखादे नाणे अभिप्रेत नसून रुपया हे एक चलन अभिप्रेत आहे.

काही एकवचनी गणनीय नामे मात्र उपपदाविना येतात. 'गो टु स्कूल', 'इन प्रिझन', 'इन बेड' यांत इमारत किंवा वस्तू अभिप्रेत नसून तिचा मूळ उपयोग अभिप्रेत असतो. कैदी 'इन प्रिझन' असतो. त्याला भेटायला गेलेली आई 'ॲट द प्रिझन' असते. ही सवलत ठरावीक नामांनाच आहे. 'ऑफिस' व 'बँक' यांना ती नाही, जरी भारतीय बोलण्यात 'गोइंग टु ऑफिस' सर्रास ऐकू येते. रुग्णालयाविषयी ब्रिटिश इंग्रजीत 'इन हॉस्पिटल' आणि अमेरिकन इंग्रजीत 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. हा फरक तर्काने सिद्ध करता येत नाही, तो वहिवाटीचा आहे. प्रवासाचे साधन ('बाय बस'), जेवणांची नावे ('आफ्टर लंच') आणि खेळ ('प्ले क्रिकेट') यांनाही उपपद लागत नाही. वाद्याला मात्र परंपरेने लागते ('प्ले द पियानो'). वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जागेच्या बचतीसाठी उपपदे गाळतात. ते शून्य उपपद नव्हे, केवळ अध्याहृत उपपद होय.

संपूर्ण जातीविषयी बोलणे

'वाघ हा मांसाहारी प्राणी आहे' हे वाक्य इंग्रजीत तीन प्रकारे सांगता येते: 'द टायगर', 'अ टायगर' किंवा 'टायगर्स'. तिन्ही रूपे सर्वत्र परस्परांच्या जागी चालत नाहीत. 'अ टायगर' म्हणजे कोणताही एक वाघ घ्या, त्याला हे लागू पडेल. म्हणून 'वाघ नामशेष होत आहे' या वाक्यात ते चालत नाही, कारण एखादा वाघ नामशेष होत नसतो, जात नामशेष होते. तेथे 'द टायगर' किंवा 'टायगर्स' हवे. 'द टायगर' हे रूप शास्त्रीय व औपचारिक लेखनात अधिक आढळते, रोजच्या बोलण्यात 'टायगर्स' पुरते. 'द पुअर', 'द ब्लाइंड' असे विशेषणापूर्वी 'द' आल्यास त्या गुणाचा संपूर्ण समूह दर्शवला जातो आणि क्रियापद अनेकवचनी येते.

विशेषनामे

व्यक्ती, गावे, खंड आणि बहुतेक देश यांच्या नावांना उपपद लागत नाही, कारण नावानेच ओळख पूर्ण होते. नद्या, समुद्र, पर्वतरांगा, वाळवंटे आणि अनेकवचनी किंवा सामान्यनामघटित देशनावे यांना 'द' लागतो: 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द वेस्टर्न घाट्स', 'द सहारा', 'द नेदरलँड्स', 'द युनायटेड स्टेट्स'. एकटे शिखर किंवा सरोवर मात्र उपपदाविना राहते, म्हणून 'माउंट एव्हरेस्ट' आणि 'लोणार लेक'. दख्खनला 'द डेक्कन' म्हणतात. कोकणालाही जुन्या इंग्रजी लेखनात 'द कोंकण' म्हटलेले आढळते. लोकमान्य टिळकांच्या १८९३ मधील ग्रंथाचे नाव 'द ओरायन' असे आहे. तारकासमूहाच्या नावापूर्वी आजच्या इंग्रजीत सहसा उपपद लावत नाहीत.

व्यक्तिनामाला उपपद लागले तर ते सामान्यनामासारखे वागते. 'अ मिस्टर पाटील' म्हणजे कोणी पाटील नावाचे गृहस्थ, ज्यांना बोलणारा ओळखत नाही. 'द पाटील्स' म्हणजे पाटील कुटुंबीय, ज्यांना मराठीत 'पाटील मंडळी' म्हणतात.

देशाच्या नावापूर्वीच्या उपपदाला राजकीय अर्थही येऊ शकतो. सोव्हिएत काळात इंग्रजीत 'द युक्रेन' म्हणण्याची पद्धत होती. प्रदेशांच्या नावांना 'द' लागतो ('द पंजाब', 'द डेक्कन'), त्यामुळे या रूपातून एखाद्या मोठ्या राज्याचा भाग सुचवला जातो, असा आक्षेप घेतला गेला. १९९१ मधील स्वातंत्र्यानंतर 'युक्रेन' हे उपपदरहित रूप रूढ झाले आणि जुने रूप आज अनेकांना अपमानकारक वाटते. युक्रेनियन भाषेत मुळात उपपदेच नाहीत. उलट गांबिया या देशाच्या अधिकृत इंग्रजी नावात 'द' आहे. देशाचे नाव नदीवरून पडले आहे.

मराठीतील व्यवस्था आणि मराठी भाषकांच्या अडचणी

मराठीत उपपदे नाहीत, याचा अर्थ निश्चिती दाखवण्याची सोय नाही असा होत नाही. शब्दक्रम हे त्याचे एक साधन आहे. 'टेबलावर पुस्तक आहे' यात कोणतेतरी पुस्तक अभिप्रेत असते, तर 'पुस्तक टेबलावर आहे' यात आधीपासून ठाऊक असलेले. सजीव कर्माला लागणारा प्रत्यय हे दुसरे साधन होय. 'डॉक्टर बोलवा' याचे इंग्रजी 'कॉल अ डॉक्टर' आणि 'डॉक्टरांना बोलवा' याचे 'कॉल द डॉक्टर'. 'तो, ती, ते' ही दर्शक सर्वनामेही गरजेनुसार 'द'चे काम करतात, परंतु प्रत्येक 'द'साठी 'तो' लावल्यास मराठी वाक्य बोजड होते. इंग्रजीवरून घाईने केलेल्या अनुवादांत हा दोष लगेच जाणवतो.

अनिश्चिततेच्या बाबतीत मराठी इंग्रजीहून अधिक काटेकोर आहे. 'शी वॉन्ट्स टु मॅरी अ डॉक्टर' या वाक्याचे दोन अर्थ होतात. 'तिला एका डॉक्टरशी लग्न करायचे आहे' म्हणजे माणूस ठरलेला आहे. 'तिला एखाद्या डॉक्टरशी लग्न करायचे आहे' म्हणजे माणूस अजून शोधायचा आहे. 'एक' आणि 'एखादा' यांतील हा भेद इंग्रजीचे 'अ' दाखवू शकत नाही. 'एक' हा शब्द कथेच्या आरंभी नवे पात्र आणतो (एक राजा होता), पण संख्येनंतर आला तर अंदाज दाखवतो (पाचएक माणसे).

मराठी भाषकांच्या चुका बहुतांशी या व्यवस्थेतून निपजतात. 'तो शिक्षक आहे' या वाक्यात मराठीला 'एक' नको असतो, म्हणून इंग्रजीत 'ही इज टीचर' असे होते. इंग्रजीला मात्र व्यवसाय सांगताना 'अ' हवाच. एका वेळी एकाच व्यक्तीकडे असणारे पद सांगताना उपपद गाळता येते ('शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट'), त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे अनावश्यक 'द' लावण्याची. 'द लाइफ इज हार्ड', 'द नेचर इज ब्यूटिफुल' अशी वाक्ये परीक्षेच्या निबंधांत आढळतात. सर्वसाधारण अर्थाच्या भाववाचक नामाला तेथे उपपद नको.

रशियन व कोरियन या उपपदरहित भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास टॅनिया आयोनिन, हीजंग को आणि केनेथ वेक्सलर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. वक्त्याच्या मनात विशिष्ट वस्तू असली, पण ऐकणाऱ्याला ती माहीत नसली, तर असे विद्यार्थी 'अ'ऐवजी 'द' वापरण्याकडे झुकतात, असे त्यांना आढळले. म्हणजे या चुका मनमानी नसतात. विद्यार्थी निश्चितता आणि विशिष्टता या दोन कल्पनांमध्ये हेलकावे खात असतो. ज्यांच्या भाषेत 'एक' व 'एखादा' हा भेद जिवंत आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगणे शिक्षकाला तुलनेने सोपे जावे.

कायदा, राजकारण आणि उपपद

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी ठराव क्रमांक २४२ संमत केला. त्याच्या इंग्रजी पाठात, युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी असे म्हणताना 'टेरिटरीज' या शब्दापूर्वी 'द' नाही. सर्व प्रदेशांतून माघार बंधनकारक नाही, असा अर्थ इस्रायलने व त्याच्या समर्थकांनी यावरून काढला. फ्रेंच पाठात 'दे तेरितॉयर' अशी निश्चित उपपद अंतर्भूत असलेली रचना आहे. युद्धाने भूमी मिळवणे अमान्य असल्याचे तत्त्वही ठरावाच्या प्रास्ताविकात नोंदलेले आहे. या दोन्हींच्या आधारे दुसरा पक्ष संपूर्ण माघारीचा अर्थ लावतो. इंग्रजी मसुद्याचे श्रेय ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन यांना दिले जाते. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२१ साली निझ-चावेझ विरुद्ध गारलँड हा खटला अनिश्चित उपपदावरच निर्णीत झाला. अमेरिकेत सलग दहा वर्षे राहिलेल्या काही स्थलांतरितांना हद्दपारीतून सूट मागता येते. मात्र सरकारने त्यांना हजर राहण्याची 'अ नोटिस' बजावली की वर्षांची मोजणी थांबते. अगुस्तो निझ-चावेझ हे ग्वाटेमालाहून २००५ मध्ये अमेरिकेत आले होते. २०१३ मध्ये सरकारने त्यांना आरोपांचा एक कागद पाठवला आणि सुमारे दोन महिन्यांनी सुनावणीची वेळ व ठिकाण सांगणारा दुसरा. दोन कागद मिळून एक नोटीस होते काय, हा प्रश्न होता. 'अ नोटिस' म्हणजे सर्व आवश्यक माहिती असलेला एकच दस्तऐवज, असे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताच्या निकालपत्रात म्हटले. तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या माहितीने मोजणी थांबली नव्हती. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी भिन्न मत नोंदवले.

जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँग यांनी उच्चारलेल्या प्रसिद्ध वाक्यातही 'अ'चा प्रश्न आहे. ध्वनिमुद्रणात 'मॅन' हा शब्द उपपदाविना ऐकू येतो. उपपदाविना 'मॅन' म्हणजे मानवजात, त्यामुळे वाक्यातील 'मानवजात' या अर्थाच्या पुढच्या शब्दाशी असलेला विरोध नाहीसा होतो. आपल्याला 'अ मॅन', म्हणजे एक माणूस, असेच म्हणायचे होते, असे आर्मस्ट्राँग यांचे म्हणणे होते. अनेक लेखी प्रतींत हे 'अ' कंसात छापतात.

तर्कशास्त्रातील चर्चा

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९०५ साली 'माइंड' या नियतकालिकातील 'ऑन डिनोटिंग' या निबंधात 'द'चे तार्किक विश्लेषण केले. फ्रान्समध्ये राजा नसताना 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे वाक्य खरे की खोटे, हा त्यातील गाजलेला प्रश्न होय. रसेल यांच्या मते 'द'मुळे या वाक्यात तीन विधाने एकत्र येतात: फ्रान्सचा राजा अस्तित्वात आहे, तो एकच आहे आणि तो टकला आहे. पहिले विधान खोटे असल्याने संपूर्ण वाक्य खोटे ठरते. पीटर स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये त्याच नियतकालिकात याला आक्षेप घेतला. राजाचे अस्तित्व हे वाक्यात सांगितलेले नसून गृहीत धरलेले आहे आणि गृहीतच चुकल्याने वाक्याच्या खऱ्याखोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. येथे दिलेल्या मराठी वाक्यात एकही उपपद नाही, तरीही तेच कोडे जसेच्या तसे उभे राहते.